वाचलेल्या पैशाची पावती

जुलै महिना लागला की आमच्या ओट्यावर माणसे यायला लागतात. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण गावाच्या लेखी मी अजून 'बँकेचे साहेब'च आहे. मी कादंबऱ्या लिहितो हे फारसे कुणाच्या ध्यानात नाही. ज्यांच्या ध्यानात आहे, ते त्याकडे रिकाम्या माणसाचा उद्योग म्हणून पाहतात. शैक्षणिक कर्जाचा कागद मात्र माझ्याकडूनच वाचून घेतात.

यंदा तुळजापूर तालुक्यातले एक शेतकरी आले. बरोबर मुलगी. हातात प्लास्टिकची निळी फाईल. मुलगी बारावी झालेली, सीईटीत गुण चांगले, संगणक अभियांत्रिकीला जायचे ठरलेले. प्रवेशाच्या अर्जात महाविद्यालये पसंतीच्या क्रमाने लिहायची होती आणि घरात आठ दिवस एकाच गोष्टीवर वाद चालला होता. पहिल्या क्रमांकावर पुण्यातले एक खासगी महाविद्यालय लिहायचे की धाराशिवचे?

चहा यायच्या आत गृहस्थांनी मुद्द्याला हात घातला. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गात त्यांची थोडी जमीन गेली होती. मोबदल्याचे आठ लाख बँकेत ठेवले होते.

"साहेब, ठेव मोडू का कर्ज काढू, तेवढं सांगा. ठेव तशी पोरीच्या लग्नासाठी राखलीय. आन् धाकटा पोरगा औंदा दहावीला हाय, त्येलाबी फुडं लागंल."

एका दमात त्यांनी ठेवीला दोन वारस लावून टाकले होते, आणि जिच्या शिक्षणासाठी ते आले होते तिचे शिक्षण त्या दोहोंत कुठेच नव्हते. मुलगी काही बोलली नाही. चहाचा कप खाली ठेवून एवढेच विचारले, "सर, पुण्यात कॉलेजची लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते?"

बापाचा प्रश्न पैशाचा होता आणि लेकीचा जगण्याचा. आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांत या दिवसांत हे दोन प्रश्न एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात! म्हणून म्हटले, यावर सविस्तर लिहावे.

आधी बापाचा प्रश्न. हिशेब चोख केला तर पाल्हाळ लागत नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना २०२४-२५ या वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासनाने पूर्ण माफ केले आहे. अट एवढीच, की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. ही मुलगी त्यात बसत होती. म्हणजे पुणे असो की धाराशिव, मोठी रक्कम दोन्हीकडे सुटत होती. फरक उरला तो राहण्याचा, खाण्याचा, येण्याजाण्याचा. समजा, पुण्यात खोलीतली एक खाट, मेस, बस आणि वरखर्च मिळून महिन्याला दहा हजार धरले, तर दहा महिन्यांचे एक लाख आणि चार वर्षांचे चार लाख होतात. घरी राहून एसटीच्या पासावर धाराशिवला जायचे तर खर्च याच्या पाचव्या हिश्शाचाही नाही.

हे चार लाख कर्जाने उभे केले तर? शैक्षणिक कर्ज फक्त फीसाठी मिळते असा आपल्याकडे गैरसमज आहे. वसतिगृह, पुस्तके, संगणक हेही त्यात धरता येते आणि चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. पण व्याज झोपत नाही. दरवर्षी एक लाख असे चार वर्षे उचलले, दर दहा टक्के धरला, तर शिक्षणाची चार आणि नंतरचे सवलतीचे एक अशा पाच वर्षांत साधे व्याजच एक लाख चाळीस हजार होते. घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि बाकीचे निकष जुळले, तर या काळाचे व्याज केंद्र सरकार भरते. ते मिळाले नाही असे धरले तर पहिला हप्ता सुरू होताना डोक्यावर पाच लाख चाळीस हजार असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे सात हजार शंभर, आणि फेड एकूण साडेआठ लाखांच्या वर. ठेवीला मिळणारे व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमी असते, म्हणून कोरड्या गणिताने ठेव मोडणे स्वस्त. पण पावसाच्या भरवशावर शेती असणाऱ्याने हातातली सगळीच गंगाजळी मोडू नये, हेही मी त्यांना सांगितले.

इथवर मी बँकेचा माणूस होतो. यापुढे मात्र मला माझीच गोष्ट सांगावी लागेल.

माझी बारावी १९७७ ची. दहा अधिक दोनच्या आकृतिबंधाची ती पहिली तुकडी. वडील प्राथमिक शिक्षक, गाव येडशीच्या अलीकडचे. पुण्याच्या एका नावाजलेल्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेला प्रवेश मिळत होता. दुसरीकडे बार्शी होते. कर्मवीर मामासाहेब जगदाळ्यांनी उभे केलेले शिवाजी महाविद्यालय. १९७२ च्या दुष्काळाने घरावर केलेले कर्ज अजून पुरते फिटले नव्हते. एका संध्याकाळी वडिलांनी कंदिलाच्या उजेडात पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने आखले. पुण्याला महिना दीडशे रुपये, बार्शीला सत्तर. कागद माझ्यासमोर सरकवून म्हणाले, "तूच बघ."

मी बार्शी निवडली. येडशीहून छोट्या रुळांच्या गाडीने जायचे. बार्शी लाइटची ती गाडी चढावर इतकी हळू चाले की पोरे उतरून लघवीला जाऊन पुन्हा डब्यात चढत. घरून डबा कधी गाडीने, कधी एसटीने येई. ज्वारीच्या भाकरी, वर लाल चटणी, कधी पिठले. कंडक्टर डबा नेमक्या हातात देई, आणि रिकामा डबा परतीला पाठवला नाही तर आईआधी तोच रागावे. मराठवाड्यातल्या आमच्या पिढीची अर्धी पदवी एसटीच्या टपावरून आली आहे, असे मी म्हणतो ते उगाच नव्हे.

त्या निवडीने मी काय गमावले, तेही सांगतो. पुढे बँकेत लागलो आणि प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो, तेव्हा बरोबरीची मुले नाटकांवर, व्याख्यानांवर, पुस्तकांवर सहज बोलत. इंग्रजीत प्रश्न विचारायला त्यांना घाम फुटत नसे. मला चारचौघांत तोंड उघडायला दोन वर्षे लागली. विद्या त्यांच्याजवळ माझ्यापेक्षा फार होती असे नाही, पण वावर होता. शहरात राहण्याने जे अंगात मुरते ते कुठल्याही गुणपत्रिकेत छापलेले नसते, पण मुलाखतीच्या खोलीत पहिल्यांदा तेच दिसते. म्हणून राहणीमान म्हणजे चैन, असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. वाचनालय, संगत, कानावर पडणारी भाषा, रात्री दहा वाजता एखाद्या शंकेवर वाद घालायला मिळणारा मित्र, हे सगळे शिक्षणच आहे.

आणि मिळवले काय? माझ्या तीन कादंबऱ्यांतली निम्मी माणसे त्या छोट्या गाडीतल्या डब्यातली आहेत. पुण्याला गेलो असतो तर ती मला भेटली नसती. तेव्हा हिशेब बरोबरीत सुटला, असे मी बरीच वर्षे मानत होतो.

पण त्या कागदावर तिसरा रकाना होता, तो कुणी आखलाच नव्हता. महिन्याला वाचलेले ऐंशी रुपये गेले कुठे? माझ्या मनात पक्के होते की ते धाकट्या बहिणीच्या शिक्षणाला जातील. गणितात ती माझ्यापेक्षा सरस. माझी त्रैराशिके ती चूल फुंकता फुंकता तोंडी सोडवी. १९८० साली तिचे लग्न झाले. वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून हुंडा भागला. वडील वाईट नव्हते. त्यांच्या परीने त्यांनी दोन्ही मुलांचे चांगलेच केले. आज ती कळंबकडे असते, महिला बचत गटाचा हिशेब पैशाला पैसा लावून ठेवते. काही वर्षांपूर्वी मी तिला म्हटले, "तुझ्यासाठी म्हणून मी बार्शीला गेलो होतो गं." ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "दादा, हे तवा कुणी मला सांगितलंच नाही."

तेव्हापासून कुणी स्वस्त महाविद्यालय निवडले म्हणून कौतुक सांगू लागले की मी एकच विचारतो: वाचलेला पैसा कुणाच्या नावावर?

आपल्याकडे हा प्रश्न मुलीच्या बाबतीत हटकून अडतो. मुलाला पुणे झेपते आणि मुलीला धाराशिव 'पुरते'. तराजू एकच असतो, पण मुलगा पारड्यात बसला की 'भविष्य' म्हणून वजन होते आणि मुलगी बसली की 'खर्च' म्हणून. कारण विचारले तर काळजीचे दिले जाते. काळजी खोटी नसते, हे मी मान्य करतो. पण दहावीनंतर दोन वर्षे लातूरला शिकवणीसाठी खोली करून मुलाला ठेवणारे घर, मुलीच्या वेळी अचानक काटकसरीचे होते, हे मी कर्जाच्या अर्जांवर वर्षानुवर्षे पाहिले आहे.

दुसरी बाजूही पाहिली आहे. शहराचे नाव आणि इमारतीची काच पाहून मोठे कर्ज काढणारे बाप मी पाहिले. शाखेत असताना अशा एका घरी वसुलीला गेलो होतो. मुलगा पदवी घेऊन परत आलेला, नोकरी नाही, ओसरीवर मान खाली घालून बसलेला. बापाने विचारले, "साहेब, कॉलेज मोठं होतं की हो?" कॉलेज महाग होते. महाग आणि मोठे यांतला फरक प्रवेशाच्या दिवशी कुणी त्यांना सांगितला नव्हता. तेव्हा महाविद्यालयाची परीक्षा त्याच्या माहितीपत्रकावरून करू नये. तिथे दोन-तीन वर्षे शिकत असलेल्या मुलांना गाठावे. शिक्षक तासाला येतात का, प्रयोगशाळेतली यंत्रे चालतात का, गेल्या वर्षी बाहेर पडलेली मुले आज कुठे आहेत, हे तीन प्रश्न विचारावेत. पुण्याच्या महाविद्यालयाला विचारावेत आणि धाराशिवच्याही.

आपला जिल्हा म्हटला की आपणच नाक मुरडतो. २०१८ साली नीती आयोगाने महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले, त्यांत आपला जिल्हा होता. हा शब्द कितीही गोड असला तरी अर्थ 'मागास' असाच आहे. पण शिक्षणाच्या बाबतीत गोष्ट तेवढीच नाही. निजामाच्या राजवटीत इथल्या मुलाला महाविद्यालयासाठी हैदराबादची वाट धरावी लागे. तिथले उस्मानिया विद्यापीठ १९१८ चे आणि शिकवणे उर्दूतून. नाही तर सरहद्द ओलांडून ब्रिटिश मुलखात जायचे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली निघाले. आज धाराशिवात त्याचा उपपरिसर आहे, अभियांत्रिकीची सोय जिल्ह्यात आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, आणि तिथे देशातल्या दूरदूरच्या राज्यांतली मुले येऊन राहतात, शिकतात, आसपासची खेडी पालथी घालतात. आमची मुले ज्या एसटीने पुण्याला निघालेली असतात, तिच्याच परतीच्या फेरीने ही मुले तुळजापूरला उतरतात. त्यांना इथे काय दिसते, हे आपल्या मुलांनी एकदा त्यांना विचारायला हरकत नाही.

पण या सगळ्या वादात आपण एक गाठ न सोडता तशीच ठेवतो. महाविद्यालय कुठले आणि राहायचे कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण ते एकच समजतो. धाराशिव म्हणजे घरून ये-जा आणि पुणे म्हणजे मोकळे राहणे, असे गृहीत धरून बसतो. आपल्या पूर्वसुरींना ही गाठ नेमकी दिसली होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांची रांग उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांचे साताऱ्याचे बोर्डिंग १९२४ चे, आणि महाविद्यालय निघाले १९४७ साली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना जमावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. आणि १९५० साली मिलिंद महाविद्यालय त्यांनी काढले ते औरंगाबादला, जिथे आमच्या भागातला गरीब मुलगा पोहोचू शकेल अशा ठिकाणी. गरिबाचे पोर फीमुळे अडते त्याच्या कितीतरी आधी ते 'राहायचे कुठे आणि खायचे काय' इथे अडते, हे या माणसांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी आधी ताटाची आणि सतरंजीची सोय केली.

तेच आजही खरे आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६० हजारांपर्यंत जाते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. प्रवेशाच्या गडबडीत हे अर्ज राहून जातात आणि मग आपण नशिबाला बोल लावतो.

आणि 'घरी राहिले की फुकट' हाही एक भ्रमच. त्या मुलीचे गाव धाराशिवपासून तासाभरावर. जाणे, येणे, फाट्यावर गाडीची वाट पाहणे असे दिवसाचे तीन तास. वर्षाचे दोनशे दिवस धरले तर सहाशे तास, चार वर्षांत दोन हजार चारशे. आठ तासांचा दिवस धरला तर अभ्यासाचे तीनशे दिवस फाट्यावर उभे राहण्यात जातात. शिवाय मुलगी घरी पोहोचली की भाकरी तिची, पाणी तिचे, आल्या-गेल्याचा चहा तिचा. हा खर्च कुठल्याच पासबुकात उठत नाही, म्हणून तो नसतो असे नाही. मी हा हिशेब मोठ्याने केला तेव्हा तिचे वडील जरा अस्वस्थ झाले. मुलगी मात्र पहिल्यांदा हसली.

मी त्यांना उत्तर दिले नाही. पाठकोरा कागद दिला. वडिलांच्या दोन रकान्यांत माझे दोन घातले. पैसा किती जाणार. वाचला तर कुणाच्या नावावर जाणार. दिवसातले किती तास अभ्यासाला उरणार. आणि चार वर्षे कोणत्या माणसांत उठणे-बसणे होणार. म्हटले, घरी जा, चौघे मिळून भरा. धाकट्यालाही बसवा, उद्या त्याच्यावरही हीच पाळी येणार आहे.

आठ दिवसांनी दोघे परत आले. कागद मुलीच्या अक्षरात भरलेला होता. ती एका दिवशी धाराशिवला जाऊन वरच्या वर्गातल्या मुलींना भेटून आली होती. पुण्याच्या त्या महाविद्यालयात शिकणाऱ्या ओळखीच्या मुलीशी फोनवर तासभर बोलली होती. पहिल्या क्रमांकावर तिने धाराशिव लिहिले होते. मला थोडे वाईट वाटले, खरे सांगतो. वाटले, पुन्हा एक बार्शी.

पण कागद पुढे होता. धाराशिवला शिकायचे, पण घरून ये-जा करायची नाही. तिथेच मुलींच्या वसतिगृहात राहायचे. तिने खर्च मांडला होता वर्षाला पन्नास हजार. पुण्याच्या निम्मा. शिक्षण दोन्हीकडे तिला उन्नीस-बीस वाटले. पुण्याची हवा हवी होती, पण ती तिने पुढे ढकलली होती. पदवीनंतर मोठ्या ठिकाणी एम.टेक.ला जायचे, तेव्हा तिला शहर हवे होते. आणि दुसऱ्या रकान्यात, जिथे मी 'कुणाच्या नावावर' असे लिहिले होते, तिथे तिने लिहिले होते: चार वर्षांत पुण्यापेक्षा दोन लाख वाचतात, ठेवीची मुदत संपली की त्यातल्या दोन लाखांची वेगळी पावती करायची, माझ्या नावाची, पुढच्या शिक्षणासाठी.

"लग्नासाठी न्हाई," ती वडिलांकडे न बघता म्हणाली. "पावतीवर नाव माझं पाहिजे."

ओट्यावर थोडा वेळ कुणीच बोलले नाही. रस्त्यावरून कळंबकडे जाणारी एसटी गेली. गृहस्थांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला, कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. मला वाटले आता ते उठतील.

मग त्यांनी विचारले, "साहेब, पावतीला पोरीचं पॅन कार्ड लागतं का?"

मी म्हटले, "लागतं. उद्याच अर्ज करा."